वाळूखालची काळी माती

मागच्या आठवड्यात तुमच्या बाबाचा फोन आला. तुम्ही तिकडे घर घेताय, पण व्यवहार थोडा पुढे ढकलला गेलाय. शेजारच्या जागेत कधीकाळी पेट्रोल पंप होता म्हणे, आणि जमीन तपासल्याशिवाय बँक पुढे सरकत नाही. त्याचं हे बोलणं चालू असताना मागून मोठ्याचा आवाज आला, "आजी, जमीन काय आजारी पडते का?" त्याने विचारलं इंग्रजीत, पण प्रश्न अगदी शहाणा होता. मी फोनवर "हो, पडते" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. आता सावकाश लिहिते आहे. बाबाने हे तुम्हाला वाचून दाखवावं, पण धाकटीला झोपताना नको. सकाळी, नाश्त्याच्या वेळी वाचावं.

गोष्ट धाकटीच्या जन्माच्या थोडी आधीची, इथली कुवेतमधली, अबू हलीफाच्या याच फ्लॅटमधली. तळमजल्यावरचे चाचा आणि चाची तुम्हाला व्हिडिओवर दिसतात ना, त्यांची. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. इथे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोदामांत काम केलं. चाचींचा मसाला मात्र त्यांचा स्वतःचा. घरच्या स्वयंपाकघरात त्या मिरची भाजायच्या, आणि त्या दिवशी पाचव्या मजल्यापर्यंत सगळी बिल्डिंग शिंकायची. आमचा हारिस, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, जिन्यात उभा राहून नाक पुसत ओरडायचा. चाची दार उघडून त्याच्या हातात मसाल्याची एक बाटली ठेवायच्या आणि तो गप्प बसायचा. पण असं किती दिवस चालणार? घरात मसाला करून विकणं कायद्यात बसत नव्हतं, आणि गिऱ्हाईक तर वाढत होतं. म्हणून चाचांनी ठरवलं की मसाल्याची आणि पिठाची एक गिरणी काढायची, रीतसर. त्यासाठी त्यांनी गावाकडची आंब्याची कलमं विकली. वडिलांनी लावलेली कलमं होती ती. एवढं सांगितलं म्हणजे त्यांचं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळेल.

मिरची दळणारी गिरणी वस्तीजवळ कोण ठेवून घेणार? म्हणून त्यांनी जागा शोधली ती शुऐबाच्या अलीकडे, जिथे मोठे कारखाने संपतात आणि लहान शेड सुरू होतात तिथे. मालक एक म्हातारे कुवेती गृहस्थ होते. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईत राहिलेले, त्यामुळे आपल्याशी हिंदीत बोलायचे, तेही जुन्या मुंबईच्या हिंदीत.

आता थोडा कायदा. मी बरीच वर्षं इथल्या एका वकिलाच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला, त्यामुळे जागा एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी जाते हे मला पाठ आहे. इथे अशी जमीन सरकारची असते. माणसाच्या हातात असतो तो ती वापरायचा हक्क. तो एकाने सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा. त्याआधी मातीची तपासणी होते, कारण ज्याने जमीन घाण केली त्याने ती साफ करावी असं कायदा म्हणतो. वाचायला फार सोपं वाटतं. पण घाण करणारा देश सोडून गेला असेल, किंवा देवाघरी गेला असेल तर? मग विचारणा होते ती ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्याकडे. म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी. चाचांचे सगळे कागद मी वाचले होते. गिरणीच्या कंपनीत रीतीप्रमाणे एक स्थानिक भागीदार होता, पण नावापुरता; ओझं सगळं चाचांचं होतं. जागा "आहे त्या स्थितीत" घेतली आहे असं एक कलम होतं. त्याच्यावर मी बोट ठेवलं, पण तपासणीत माती स्वच्छ निघाली होती. म्हणून म्हटलं, ठीक आहे. तो अहवाल खोटा नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते.

सही व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी चाचा आम्हाला जागा दाखवायला घेऊन गेले. आजोबा कारखान्यात होते, म्हणून मी आणि चाची. शुक्रवारची दुपार होती. समुद्रावरून दमट वाफ येत होती, सगळं आकाश दुधी झालेलं, आणि दूर कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत दिवसाढवळ्या जळत होती. चाचांनी लोखंडी फाटक ढकललं.

आत पांढरी वाळू होती. इतकी सारखी, इतकी नीट पसरलेली, की कोणीतरी पाहुण्यासाठी चादर घालून ठेवावी तशी. कचरा नाही, पानं नाहीत. तुम्ही इथे आला होतात तेव्हा पाहिलंत, कुवेतमध्ये अशा प्रत्येक रिकाम्या जागेत मांजरं असतात. भिंतीच्या सावलीत पडलेली असतात, उठत नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर चार-पाच होती. आत एकही नव्हतं. भिंतीपलीकडच्या जागेत रानटी झुडपं वाढली होती, भिंतीच्या वरून डोकावत होती. अलीकडे काडीसुद्धा नव्हती. आणि भिंतीला, घोट्याच्या उंचीवर, एक काळसर रेघ होती. आख्ख्या आवारात फिरून आलेली. पुराचं पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहते तशी. पण इथे कसला पूर?

"वहिनी, कशी हाय जागा?" चाचांनी विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचेना.

"इतकी स्वच्छ की चहा सांडायची भीती वाटतेय," चाची म्हणाल्या. "माज्या घरात कधी अशी झाडलेली बघितली काय तुमी?"

चाचा हसले. चाची हसल्या नाहीत. त्या उभ्या होत्या तिथून दोन पावलं मागे सरकल्या आणि आपल्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "पायाखाली गादीसारखं लागतंय हो." मग आम्ही निघालो. फाटक लावताना माझ्या लक्षात आलं की इतका वेळ आम्ही तिघंही हळू आवाजात बोलत होतो, आत कोणी झोपलं असावं तसं.

त्यानंतर नवरात्र आलं. आमच्या नाशिककडे घट बसवताना शेतातली काळी माती परडीत घालतात, त्यात धान्य पेरतात, मधोमध पाण्याचा कलश. रोज थोडं पाणी घालायचं, शेजारी दिवा अखंड तेवत ठेवायचा. नऊ दिवसांत धान वीतभर येतं. जसं धान, तसं घराचं वर्ष, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मी हे मानत नाही. पण घट बसवायचं मी कधी चुकवलं नाही. फक्त इथे काळी माती कुठून आणायची? नर्सरीतली पाकिटातली माती आणायची, आणि दर वर्षी मी जिन्यात, लिफ्टमध्ये, भेटेल त्याच्यापाशी कुरकुर करायची की ही कसली माती, हा तर भुसा आहे, आमच्या काळ्या मातीची सर कशाला येणार.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी चाचा दारात उभे राहिले. हातात गोणपाटाची लहान पिशवी.

"वहिनी, हात पुढं करा."

पिशवीत माती होती. काळी, दाट, हातात घेतली की जड लागणारी.

"कुठून आणलीत?"

"माज्या जागेतून! पान्याची टाकी कुठं बसवायची ते बगायला मी जरा खणलं. वर वाळू, आनि खाली ही. म्हटलं आमच्या कोकणात लाल, वहिनींना काळी पायजे. माजी जमीन कसदार निघाली की नाय?"

मला इतका आनंद झाला! वाळूच्या या देशात काळी माती. आमच्याकडे काळी म्हणजे चांगली, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. तिच्याकडे संशयाने बघायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आणि चाचा कोकणातले, त्यांनाही तेच वाटलं. थोडा वास होता, पण आमच्या या भागात हवेलाच वास असतो. खिडकी उघडली की कारखाने घरात येतात. नाकाने केव्हाच तक्रार सोडून दिलेली आहे.

त्या दिवसांत आजोबांच्या कारखान्यात शटडाऊन होतं. वर्षातून एकदा यंत्रं थांबवून सगळी साफसफाई, दुरुस्ती करतात, तेव्हा ते उजाडायच्या आत जायचे आणि परत आले की जेवून झोपायचे. देवघरात डोकावायलाही सवड नव्हती. मी एकटीने घट बसवला.

पहिल्या दिवशी पाणी घातलं. ते मुरलं नाही. मातीवर गोल गोल थेंब होऊन राहिलं, जणू तव्यावर. मी थेंब बोटाने ढकलले, ते घरंगळत परडीच्या कडेला जाऊन थांबले. म्हटलं, माती फार कोरडी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नव्हतं, आणि परडीखालचं ताट मात्र ओलं होतं. तिसऱ्या दिवशी कोंब आले. नेहमी हिरवे-पोपटी येतात. हे पांढरे होते, सुतासारखे. आणि सगळे बाहेरच्या बाजूला वाकलेले. कलशापासून दूर, मातीपासून दूर. एकाच दिशेला वाकले असते तर मी म्हटलं असतं खिडकीकडे वाकले. पण हे चहूबाजूंनी परडीच्या काठावर रेलले होते, बाहेर उतरायला निघाल्यासारखे. दुपारी दिव्यात तेल घालायला गेले तेव्हा मातीवर साचलेल्या पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्या प्रतिबिंबात रंग होते. जांभळा, हिरवा, मोरपिशी. ते हळूहळू फिरत होते. हवा हलत नव्हती. मी श्वास धरून पाहिलं, तरी फिरत होते.

पुढच्या सकाळी कोंब आडवे झाले. बुडाशी काळे पडले होते.

धाकटे, तुझ्या आईचे तेव्हा दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. हा शकुन तुझाच, याशिवाय मला दुसरं काही सुचलंच नाही. रोज सकाळी तिच्याशी फोनवर बोलताना मी देवघराचं दार आधी लोटून घ्यायची, तिला पलीकडून दिसेल अशी भीती वाटायची. तिने विचारलं, "आई, घट कसा आलाय?" मी म्हटलं, "छान." मग फोन ठेवून मी परत आत गेले आणि नुसती बसून राहिले. घर शांत होतं. कुठूनतरी बारीक टिप् टिप् आवाज येत होता. स्वयंपाकघरातला नळ बघून आले, बंद होता. परडीतून खालच्या ताटात काहीतरी ठिबकत होतं, पाण्यापेक्षा सावकाश.

त्या शुक्रवारी आजोबांना सुट्टी मिळाली. अंघोळ करून ते देवघरात आले. ते देव फारसे मानत नाहीत, पण आईने लावलेली सवय म्हणून घटाला हात जोडतात. हात जोडले आणि तसेच राहिले. मग चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ही माती कुठली?"

"खालच्या भाईंनी आणली. काळी आहे की नाही?"

"कुठून आणली?"

"त्यांच्या नव्या जागेतून."

त्यांनी चिमूटभर माती घेतली, दोन बोटांत चोळली, हुंगली.  मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, किती तरी वेळ धुतले. मग परत आले.

"घट उचल."

"नवमीच्या आधी घट हलवत नाहीत."

"बरं. मग खिडकी उघड. आणि दिवा लांब ठेव."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर पेट्रोकेमिकलमध्ये काढलेला माणूस. दिवा लांब ठेव म्हणाले म्हणजे काय ते मला समजलं. आणि खरं सांगू? त्याच क्षणी छातीवरचा एक दगड उतरला. हा शकुन तुझा नव्हता, धाकटे. हा जमिनीचा होता. आणि लगेच दुसरा दगड चढला, कारण सही रविवारी होती.

आम्ही खाली गेलो. चाची मिरच्यांची देठं खुडत होत्या. आजोबांनी सगळं सांगितलं. चाचा ऐकत होते, पण ऐकायचं नसलेल्या माणसासारखे.

"भाऊ, तुमच्या देवाचं धान नाय उगवलं, आनि माजी जागा वाईट?"

"देवाचा संबंध नाही. मातीत तेल आहे."

"शुऐबात कुठल्या मातीत तेल नाय? तपासनी झाली. वहिनींनी कागद वाचला. वाचला की नाय वहिनी?"

"वाचला," मी म्हटलं. "कागदात वरच्या वाळूचं लिहिलंय. वरची वाळू स्वच्छच आहे."

"मग?"

"मग खालची बघू या," आजोबा म्हणाले. "फावडं आहे ना?"

चाचा चाचींकडे बघून म्हणाले, "एवढी वर्षं हे इंजिनेर माज्या घरी चा पितात. आज पयल्यांदा फावडं मागितलं."

"द्या मग," चाची म्हणाल्या. "नमाज झाला की जाऊ या. मी पन येतेय."

दुपारी आम्ही चौघं गेलो. हवेत धूळ होती, सूर्य नुसता एक भगभगीत डाग. फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी थांबले. वाळू तशीच होती, पांढरी, सपाट. पण चाचांनी टाकीसाठी खणून परत बुजवलेल्या खड्ड्याभोवती त्यांची मागची पावलं उमटलेली होती. ती पावलं काळी होती. बाकी सगळं पांढरं, आणि त्यात बुटांचे काळे ठसे, खड्ड्याभोवती एक फेरी मारून परत फाटकाकडे आलेले. जिथे वजन पडलं होतं तिथे खालून काहीतरी वर आलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक ठसा ओला होता.

"मी काय चिखलातून चाललो नव्हतो," चाचा पुटपुटले. 

त्यांनी खणायला घेतलं. वरची वाळू सहज निघाली. खाली काळा थर. चाचा थांबले, पण आजोबा म्हणाले, "अजून." काळ्याखाली परत पांढरी वाळू लागली, जरा पिवळट. चाचांचा चेहरा उजळला. "बगा, संपली!" म्हणाले. आणखी चार फावडी मारली आणि खाली परत काळं. त्याखाली परत वाळू, राखाडी. मग परत काळं. आजोबा गुडघ्यावर बसून खड्ड्याच्या भिंतीकडे बघत राहिले. मीही वाकले. पांढरा, काळा, पांढरा, काळा, असे पट्टे होते, आणि काळ्या पट्ट्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येऊन ते खाली ओघळत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जेवढ्या वेळा जागा हातातून हातात गेली, तेवढ्या वेळा वर नवी वाळू," आजोबा म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी खालचं वर आलेलं आहे. इथल्या उन्हात ते पातळ होतं आणि चढतं."

तळाशी आता काळं पाणी जमायला लागलं होतं. ते गरम असावं, वाफेसारखं काहीतरी हलत होतं. चाची खड्ड्यापासून लांब उभ्या होत्या, ओढणीने नाक झाकून.

चाचांनी मालकांना फोन केला. त्यांचं घर फार लांब नसावं, कारण ते लवकरच आले. पायघोळ पांढरी दिशदाशा, हातात तस्बीची माळ. खड्ड्याकडे येताना ते काळ्या पावलांना चुकवत, त्यांच्या बाजूबाजूने चालत आले. बघायलासुद्धा खाली मान घातली नाही. चुकवायचं हे त्यांच्या पायांना माहीत होतं.

"क्या भाई, कुआँ खोद रहा है?"

"बाबा, नीचे देखो."

त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

"आपको मालूम था?" मी विचारलं.

"मालूम करने के लिए खोदना पड़ता है, बहन. मैंने कभी खोदा नहीं." त्यांनी तस्बीचा एक मणी पुढे सरकवला. "मेरे को भी ऐसा ही मिला था. ऊपर सफेद. फिर एक दिन मेरा पाँव काला हुआ, तो मैंने रेती डाला. जिसने मेरे को दिया, उसने भी डाला होगा. और उसके पहलेवाले ने."

"पयला कोन होता?" चाचांनी मराठीतच विचारलं, भान न राहून. मालकांना कळलं असावं. त्यांनी फक्त तस्बीचा हात वर केला आणि खाली सोडला.

मग ते चाचांना म्हणाले की ते पैसे कमी करतील, बरेच कमी, आणि नवी वाळूही स्वतःच्या खर्चाने टाकून देतील, जाड थर. टाकी जमिनीत न बसवता वर बसवावी. कोणाला काय कळणार? त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आणि तेच मला भीतीदायक वाटलं. आपल्याकडे एखादी वस्तू देताना म्हणतात ना, जरा जपून वापर, तसं ते सांगत होते.

 चाचांची नजर खड्ड्यात नव्हती, ते आवाराकडे बघत होते. शेड कुठे, चक्की कुठे, दार कुठे हे त्यांनी मनात केव्हाच मांडून ठेवलेलं होतं. मी त्यांना चांगली ओळखते. ते हो म्हणणार होते.

"वहिनी," चाची म्हणाल्या, "सही केली तर हे कोनाचं?"

"तुमचं."

"वरचं ना?"

"वरचं आणि खालचं. पुढे केव्हाही कोणी खोल तपासलं तर तुम्हालाच विचारणार. साफ करा म्हणणार. तुम्ही नसलात तर मुलांना."

"आनि साफ नाय करता आलं तर?"

 उत्तर त्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांत लिहिलेलं होतं. वाळू टाकायची आणि पुढचा माणूस शोधायचा.

"चला," चाची नवऱ्याला म्हणाल्या.

"अगो, कलमं विकली," चाचा म्हणाले. तेवढंच. 

"विकली तर विकली. मी हितं मिरची दळनार नाय. आनि माज्या पोरांनी मागल्यांसारकी वाळू टाकत बसायची? चला."

चाचांनी मालकांना नाही म्हटलं. हिंदीत, फार अदबीने, डोळ्यांत पाणी घेऊन. मालकांनी मान हलवली. आणि मग म्हणाले, "ठीक है. दूसरा कोई आ जाएगा."

तेव्हा मला बोलावं लागलं. परक्या देशात, परक्याच्या जागेत उभं राहून म्हाताऱ्या माणसाला कायदा सांगणं मला आवडलं नाही, पण सांगितला. मी म्हटलं, "बाबा, आज दोपहर तक आप कह सकते थे कि मालूम नहीं था. अब नहीं कह सकते. हम चार लोगों ने आपके साथ देखा है."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. खेळातल्या चिठ्ठ्या वाटून होतात, सगळे निघून जातात, आणि नको ती चिठ्ठी शेवटी आपल्याच हातात राहिली हे एखाद्याला कळतं, तसे ते दिसले. "तो मेरे पास रुक गया," ते स्वतःशीच म्हणाले. मग सवयीने चाचांना म्हणाले, "भर दो खड्डा." चाचांनी, तेही सवयीने, फावडं उचललं.

"राहू दे," चाची म्हणाल्या. "उघडाच राहू दे."

आम्ही निघालो.  घरी येऊन चौघांनी आपापली पादत्राणं दाराबाहेरच काढली आणि ती परत घातली नाहीत. माझा घट आजोबांनी नवमीनंतर झाकणाच्या डब्यात बंद करून कारखान्यात नेला, जिथे अशा गोष्टींची रीतसर विल्हेवाट लावतात तिथे. समुद्रात विसर्जन करायला मी तयार झाले नाही. धाकटे, त्याच आठवड्यात तू आलीस, खणखणीत रडत. फोनवर ऐकून चाचींनी बिल्डिंगभर खजूर वाटले.

चाचांना पुढे राई नावाच्या औद्योगिक भागात एका गोदामाचा मागचा कोपरा भाड्याने मिळाला. गिरणी लहान आहे, दोन गॅरेजच्या मधे. घेण्याआधी त्यांनी फरशी उखडायची परवानगी मागितली. तो मालक म्हणाला वेडे आहात का. चाचा म्हणाले, हो. फरशी उखडून पाहिली, मगच घेतली. कलमांचं ते अजून बोलत नाहीत.

आणि ती जागा? मालकांनी स्वतःहून खोल तपासणी मागवली असं ऐकलं. मागच्या हिवाळ्यात मी आणि आजोबा तिकडून परत येत होतो तर फाटक उघडं दिसलं. आत खोदयंत्र होतं, झाकलेले ट्रक होते. खड्डा आता खड्डा राहिला नव्हता. सगळं आवारच खाली गेलं होतं, भिंती काठासारख्या उभ्या. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते म्हातारे गृहस्थ बसले होते. तिथला माणूस म्हणाला, रोज दुपारी उशिरा, अस्रच्या नमाजानंतर येतात आणि काम थांबेपर्यंत बसतात. कायद्याने त्यांनी बसायची गरज नाही.

आजोबांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, "कितना बाकी है, बाबा?"

त्यांनी आम्हाला ओळखलं. हात वर केला, पण नजर खालीच होती, जिथे यंत्राचं पातं पट्ट्यामागून पट्टा उचलत होतं.

"असली वाळवंट अभी नहीं आया," ते म्हणाले. वाळवंट हा आपला शब्द त्यांना मुंबईतच मिळाला असावा.